आधी पाणी, मग खोली

थंडी पडली की आमच्या कराडकडं ऊसतोडीच्या गाड्या रस्त्याला लागतात आणि घरोघरी गुडघे बोलायला लागतात. त्याच सुमाराला फोन येतात. "कोकणात गरम पाण्याच्या कुंडाला जायचंय, राहायला चांगलं ठिकाण सांग." कधी सांगलीहून, कधी साताऱ्याहून, कधी वाईच्या मावससासूबाईंचा. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा खोलीच असते. एसी आहे का, नाश्ता धरून किती पडतील, पोरांना खेळायला जागा आहे का. पाण्याचा विषय सगळ्यात शेवटी निघतो, कधी कधी निघतच नाही.

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. गरम पाण्यासाठी घाट उतरून जायचं असेल, तर आधी पाणी निवडावं. मग त्या पाण्यात कोण उतरणार आहे ते बघावं. या दोन्हींना सोयीची पडेल ती खोली घ्यावी, मग ती साधी का असेना.

आमच्याकडं घाटावर कुंडं कमी नाहीत, पण पाणी गार. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री यांचा उगम मानतात. ऐन मे महिन्यात तिथल्या गोमुखाखाली ओंजळ धरली तरी बोटं गारठतात. कृष्णा, वेण्णा आणि कोयना आमच्याकडं वळतात. सावित्री मात्र पश्चिमेला उतरते, पोलादपूर-महाडवरून बाणकोटच्या खाडीला मिळते. आणि त्याच सावित्रीच्या काठी, महाडजवळ सव गावाला, जमिनीतून कढत पाणी वर येतं. साताऱ्याच्या माणसाला या झऱ्यांचं एवढं अप्रूप का, याचं उत्तर मला तरी इथंच मिळतं. एकाच डोंगराच्या एका अंगाला गार पाणी आणि दुसऱ्या अंगाच्या पायथ्याला वाफाळणारं.

हे झरे एकटेदुकटे नाहीत. पालघरपासून राजापूरपर्यंत, सह्याद्रीच्या पायथ्याला धरून, तीनशेहून अधिक किलोमीटरच्या पट्ट्यात ते पसरलेत. तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. मग महाडजवळ सव. दापोली तालुक्यात उन्हवरे. मुंबई-गोवा हायवेला आरवली, पुढं तुरळ आणि राजवाडी. शेवटी राजापूरजवळचं उन्हाळे. नकाशावर या गावांना पेनानं जोडत गेलं तर रेघ जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण येते. ती रेघ म्हणजे खडकातल्या खोल भेगांचा पट्टा.

लहानपणापासून आपण ऐकत आलोय की खाली गंधक आहे म्हणून पाणी तापतं. तसं नाही. गंधकाचा वास येतो तो पाण्यात विरघळलेल्या हायड्रोजन सल्फाइड वायूचा, आणि त्या वायूचा पाणी तापण्याशी काही संबंध नाही. खाली जिवंत ज्वालामुखीही नाही. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला आणि केव्हाच थंड झाला. पाणी तापतं ते पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेनं. जमिनीत जसजसं खाली जावं तसतसं दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंश सेल्सियसनं तापमान वाढतं. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथं तापतं आणि एखादी मोकळी भेग सापडली की भराभर वर येतं. वाटेत निवायला वेळ मिळाला नाही तर कुंडात कढत पडतं, वरच्या गार पाण्यात मिसळलं तर कोमट होऊन येतं.

पाणी किती खोल जाऊन येतं हे मनात ठसायला आम्हा कराडकरांना लांब जावं लागत नाही. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप आमच्या घरातली जुनी माणसं अजून काल झाल्यासारखा सांगतात. कोयनेच्या परिसरातल्या भूकंपांचा अभ्यास करायला कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, आणि पाटण तालुक्यात गोठण्याला तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून खडक तपासलाय. वरचा काळा पाषाण सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा, त्याखाली ग्रॅनाइट. कोकणातल्या झऱ्यांचं पाणी जमिनीत असंच खोल जाऊन आलेलं असतं. कुंडाच्या पायरीवर बसल्यावर हे आठवलं की माझा हात आपोआप पाण्याकडं आदरानं जातो.

म्हणून पाणी निवडायचं म्हणजे काय, तर पहिल्यांदा त्याची धग विचारायची. उन्हवऱ्याचं पाणी उगमाशी सत्तरच्या आसपास असतं, तिथं थेट हात घालता येत नाही; बांधलेल्या कुंडात ते निवलं की मगच उतरता येतं. तुरळचंही साठच्या घरात. आरवली आणि राजापूरचं चाळिशीच्या आसपास, म्हणजे अंगाला सोसणारं. माणसाच्या अंगाला 38 ते 42 अंश बरं वाटतं, त्यापुढं कातडी ताबडतोब तक्रार करते. ज्येष्ठ माणूस बरोबर असेल तर हा एक आकडा खोलीच्या भाड्यापेक्षा कामाचा.

आमची आत्या सांगलीच्या गावभागात राहते. गुडघ्यांनी तिला फार छळलंय. देवळाच्या पायऱ्या ती अंग तिरकं करून, कठड्याला धरून चढते. तिला उन्हवऱ्याला न्यायचं ठरलं तेव्हा घरात दोन मतं पडली. भाऊ म्हणाला, दापोलीत राहू, समुद्रही होईल, गाडीनं कुंडाला जाऊन येऊ. मला ते पटेना. दापोली ते उन्हवरे रस्ता वळणावळणाचा, जायला-यायलाच तासन्‌तास जाणार. गरम पाण्यातून बाहेर पडलेल्या माणसाला आडवं व्हायला जागा लागते, गाडीची सीट त्याला चालत नाही. शेवटी कुंडापासून चालत जाता येईल अशा एका घरातली खालच्या मजल्यावरची खोली घेतली. दोन लाकडी पलंग, वर कौलं, बाहेर पडवी. संडास घरातच, कमोडचा, आणि शेजारच्या भिंतीला धरायला नळीचा दांडा. त्या दांड्यासाठी मी त्या घरमालकांची कायम ऋणी राहीन.

पहाटे अंधार असतानाच आम्ही निघालो. उन्हवऱ्याला बायकांची आणि पुरुषांची कुंडं वेगळी, बांधून काढलेली. दार लोटून आत गेलो तर वाफेनं चष्म्यावर धुकं धरलं आणि उकडलेल्या अंड्यासारखा वास नाकात शिरला. गावातल्या दोघीजणी आधीच पायरीवर बसून तांब्यानं पाणी घेत होत्या. आत्या घाईनं खाली उतरायला लागली तशी त्यातली एक उठून आली आणि तिचा दंड धरला.

"आजी, दमानं. आधी पाय बुडवा. पायांना सोसलं की मग गुडघे."

आत्या वरच्याच पायरीवर बसली. पावलं पाण्यात गेली तशी तिनं ओठ दाबले, डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळानं एक पायरी खाली सरकली. लुगड्याचा काठ पाण्यावर फुगून आला. गुडघ्यावर पाणी आलं तेव्हा ती कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली, "आलं गं बाई." मग पुढं बराच वेळ काहीच बोलली नाही. शेजारची बाई तिच्या पाठीवर तांब्यानं पाणी सोडत राहिली. तिच्याशी ओळख नाही, पाळख नाही. पण कुंडातल्या बायका एकमेकींची पाठ धुतात, ही तिथली रीतच दिसली.

आम्ही दहा-पंधरा मिनिटांतच तिला बाहेर काढलं. खोलीवर येऊन ती पांघरूण घेऊन झोपली ती ऊन पडवीत येईपर्यंत. उठल्यावर कुणाचा हात न धरता उंबरा ओलांडून बाहेर आली. घरमालकीणबाईंनी तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढलं. जेवताना आत्याचं लक्ष पायाकडं गेलं. तिची चांदीची जोडवी काळी पडली होती. ती घाबरली, पण घरमालकीणबाई म्हणाल्या, इथं सगळ्यांचीच पडतात, राखेनं घासली की पांढरी होतात. पाण्यातला तो वायू चांदीशी जुळतो आणि वर काळा थर धरतो, एवढंच त्यामागचं कारण. तेव्हापासून कुंडाला निघताना चांदी घरी काढून ठेवा असं मी सगळ्यांना सांगते. आत्या मात्र मुद्दाम घालून जाते. तिच्या मते जोडवी काळी झाली म्हणजे पाणी खरं.

एका दुसऱ्या हिवाळ्यात नात्यातल्या लग्नाच्या निमित्तानं आम्ही हायवेलगतच्या एका मोठ्या रिसॉर्टमध्ये उतरलो होतो. जाहिरातीत गरम पाण्याचं नैसर्गिक कुंड होतं. निळ्या फरश्यांचा हौद, कडेला कारंजं, पाणी बेताचं कोमट. आत्या त्यात अर्धा दिवस बसून होती; जोडवी पांढरीच राहिली आणि पाण्याला वास आला तो क्लोरीनचा. मी व्यवस्थापकांना विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं: झऱ्याचं पाणी टँकरनं आणतो, येईपर्यंत निवतं, मग बॉयलरनं परत तापवतो, आणि हौद मोठा असल्यानं तेच पाणी गाळून फिरवतो. ते बिचारे खोटं बोलले नाहीत, पण ही गोष्ट जाहिरातीत लिहिलेली नव्हती. ज्यांनी पैसे मोजले त्यांना ती आधी कळायला हवी होती, या माझ्या मतावर मी आजही ठाम आहे.

जपानमध्ये यासाठी कायदाच आहे. 1948 च्या त्यांच्या कायद्याप्रमाणे उगमाशी 25 अंश किंवा त्याहून जास्त तापमान असेल किंवा ठरवून दिलेल्या द्रव्यांपैकी एखादं पुरेशा प्रमाणात असेल, तरच त्या पाण्याला गरम पाण्याचा झरा म्हणता येतं. पाण्यात काय काय आहे आणि कोणत्या दुखण्यात त्यात उतरू नये, याची पाटी न्हाणीघरात लावावी लागते. 2004 साली नागानो प्रांतातल्या शिराहोने या नावाजलेल्या ठिकाणी पाण्याला दुधाळ रंग यावा म्हणून पूड मिसळली जात होती हे उघडकीला आलं आणि देशभर गदारोळ झाला. पुढच्या वर्षापासून पाण्यात दुसरं पाणी मिसळलंय का, ते तापवलंय का, तेच फिरवून वापरलंय का, जंतुनाशक घातलंय का, हेही लिहिणं त्यांनी बंधनकारक केलं. आपल्याकडं अशी पाटी अजून कुठल्या कुंडावर मला दिसलेली नाही. तोवर आपणच फोन करून विचारायचं.

मी जे विचारते ते सांगते. हौदातलं पाणी झऱ्याचं की बोअरचं? झऱ्याचं असेल तर थेट वाहून येतं की साठवून? हौद कधी रिकामा करून घासता? खऱ्या कुंडापर्यंत चालत किती वेळ लागतो, आणि वाटेत चढ आहे का? पहाटे पाचला दार उघडून द्याल का? या शेवटच्या प्रश्नाला समोरून खळखळ झाली की मी ती जागा सोडते, मग फोटो कितीही देखणे असोत. कुंड पहाटेच घ्यावं. सकाळी नऊनंतर सहलीच्या गाड्या येतात, पोरं उड्या मारतात, कुणी साबण लावतं, आणि तळाची माती वर येते. शनिवार-रविवार सोडून गेलं तर उत्तमच. आणि जायचं ते दिवाळीनंतर, फेब्रुवारी सरेपर्यंत. पावसाळ्यात नदीकाठची कुंडं पुरात बुडतात आणि घाटात दरडींची भीती असते.

तब्येतीचंही मोकळेपणानं बोललं पाहिजे, कारण कुंडाबद्दल आपल्याकडं फार मोठ्या आशा धरतात. गरम पाण्यानं स्नायू सैलावतात, रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले सांधे काही काळ मोकळे होतात. आत्याच्या गुडघ्याची झीज त्यानं भरून आली नाही, येणारही नाही. डॉक्टरांची औषधं बंद करून कुणी कुंडाच्या भरवशावर राहू नये. शुगरच्या माणसाच्या पायाला धग कळत नाही, त्यामुळं भाजलेलं उशिरा लक्षात येतं. अशा माणसाचं पाणी दुसऱ्यानं आधी कोपर घालून बघावं. ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू असतील तर पाण्यातून झटकन उठू नये, चक्कर येते. हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बाईनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. आणि डोकं कुणीच बुडवू नये. कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात मेंदूला घातक असा अमिबा वाढू शकतो. तो नाकातून शिरतो. असं क्वचित घडतं, पण घडलं की जीव वाचणं अवघड. लहान पोरांना हे दटावून सांगा.

आता आमच्या बाजूनं जायचं तर कुठून आणि राहायचं कुठं. साताऱ्याची माणसं महाबळेश्वरला मुक्काम ठोकतात आणि आंबेनळीनं पोलादपूरला उतरून सवचं कुंड करून त्याच दिवशी परत वर येतात. मला हे अजिबात आवडत नाही. गरम पाण्यानं सैल झालेलं अंग घेऊन ती वळणं चढायची म्हणजे निम्म्या गाडीला उलट्या, आणि वर गेल्यावर थंडी. त्यापेक्षा महाडलाच एक रात्र काढा. बाजारपेठेचं गाव आहे, साध्या लॉजपासून बऱ्या हॉटेलापर्यंत सगळं मिळतं, आणि दुसऱ्या दिवशी चवदार तळं आणि रायगडही होतो.

कराडहून आमची नेहमीची वाट पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण. चिपळूणपर्यंत शंभरेक किलोमीटर. घाट उतरताना पोफळीकडं बघितलं की मला दरवेळी भरून येतं. आमच्या कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून वीज करत इथं खाली येतं आणि वाशिष्ठीला मिळतं. चिपळूणला राहून आरवलीचं कुंड सहज होतं. पण बरोबर म्हातारं माणूस असेल तर मी संगमेश्वर किंवा तुरळच्या आसपासच खोली शोधते. संगमेश्वर धरलं तर कसब्याचं कर्णेश्वराचं देऊळ होतं. शिवाय 1689 साली संभाजी महाराज जिथं पकडले गेले ती भूमी पायाखाली येते. साताऱ्याच्या माणसानं तिथं थोडा वेळ थांबावंच. संक्रांतीच्या सुमाराला मात्र मार्लेश्वराची यात्रा असते. तेव्हा देवरुख-संगमेश्वरकडं आयत्या वेळी खोली मिळणं कठीण, ते बघून तारीख धरा.

सांगलीकरांना आंबा घाट सोयीचा, साखरप्यावरून देवरुख गाठता येतं. राजापूरला जायचं तर कोल्हापूर, मलकापूर, अणुस्कुरा. राजापूरचं पाणी मला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळ्यात योग्य वाटतं. अर्जुना नदीच्या काठी उन्हाळे गावात गोमुखातून धार पडते, तिच्याखाली नुसतं बसायचं. खोल हौदात उतरायची धास्ती नाही. जवळच गंगातीर्थ, तिथली चौदा कुंडं साधारण तीन वर्षांनी अचानक भरतात आणि काही महिन्यांनी आटतात. गंगा आली असेल तर गर्दी अफाट असते, तेव्हा राजापुरात राहण्यापेक्षा थोडं बाहेर राहिलेलं बरं.

वज्रेश्वरी-गणेशपुरी आपल्याकडून लांब पडतं, पण मुंबईत लेक-जावई असतील तर जरूर जावं. चिमाजी आप्पांनी वसई घेतली 1739 साली, आणि वज्रेश्वरीला बोललेला नवस देऊळ बांधून फेडला. तिथं धर्मशाळेपासून तरणतलाववाल्या रिसॉर्टपर्यंत सगळं आहे, म्हणून फोनवरचे प्रश्न तिथंच सगळ्यात जास्त लागतात.

या थंडीत आत्याला राजापूरच हवंय. फोनवर तिनं मला विचारलं, "खोली खालच्या मजल्यावर आहे ना गं? आणि धरायला दांडा?" मी चार ठिकाणी फोन केले. तीन ठिकाणी टीव्ही किती इंचाचा आहे ते आपणहून सांगितलं, दांड्याचं विचारल्यावर मात्र सगळे थबकले. चौथ्या ठिकाणच्या ताईंनी एवढंच विचारलं, "वय काय त्यांचं?" आणि म्हणाल्या, आमच्याकडं दांडा नाही, पण तुम्ही यायच्या आधी प्लंबरला बोलावून बसवून घेते. त्यांना मी आगाऊ पैसे पाठवले. कोकणातल्या प्रत्येक कुंडाच्या पायऱ्यांनाही असाच एक दांडा बसावा, शेजारी एक बाक यावा, कपडे बदलायला कडी लागणारी खोली व्हावी आणि पाण्याचं तापमान पाटीवर लिहिलं जावं. राजापूरहून परतले की मी तिथल्या ग्रामपंचायतीला तसं पत्र लिहिणार आहे. तुम्ही ज्या कुंडाला जाल तिथल्या ग्रामपंचायतीला तुम्हीही लिहा.